तांदळात लिहिलेलं नाव

“सातबाऱ्यावर नाव काय आहे त्यांचं?”

नाशिकला अमरधामच्या रस्त्यावर सुवर्णाबाई तिडकेचं अंत्यविधीच्या सामानाचं दुकान आहे. तिथे येणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच ऐकू येतो. माणूस घाईत असतो. घरात प्रेत ठेवलेलं असतं, गावाकडून पाहुण्यांची जीप निघालेली असते आणि हातात कुणीतरी लिहून दिलेली यादी असते : दोन बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गुलाल, हार. त्याला सामान हवं असतं. आणि ही बाई बांबू काढता काढता सातबाऱ्याचं विचारते.

“नाव? दादा,” गेल्या उन्हाळ्यात अमोल नावाचा एक तरुण म्हणाला होता. वडील पहाटे गेले होते. मग भानावर येऊन तो म्हणाला, “म्हणजे सगळे दादाच म्हणायचे.”

“कागदावर दादा नसणार. शेती आहे का?”

“आहे थोडी. मातोरीकडे.”

“मग घरी फोन लावा. सातबाऱ्यावर काय आहे आणि आधारवर काय आहे, दोन्ही बघायला सांगा. एकच निघालं तर बरंच झालं. वेगळं निघालं तर दोन्ही कागद घेऊन या आणि काउंटरवर दोन्ही नावं लिहायला सांगा.”

अमोलबरोबर त्याचे मामा आले होते. ते वैतागले. “बाई, तिरडी देताय का जमीन मोजताय?”

“जमीन तुम्हीच मोजणार आहात मामा, तेराव्यानंतर,” सुवर्णाबाई सुतळीचा गुंडा त्यांच्या हातात देत म्हणाली. “तेव्हा आठवण काढाल माझी.”

मामांनी सुतळी पिशवीत टाकली. अमोलने फोन लावला.

ही सवय तिला कुणी लावली नव्हती. दुकान सुरू केल्यावर दोन-तीन वर्षांतच तिच्या लक्षात आलं होतं की काही माणसं तिच्याकडे दुसऱ्यांदा येतात, पण सामानासाठी नाही. ती येतात हातात मृत्यूचा दाखला घेऊन. दाखल्यावर बबन असतं, जमिनीवर भगवान असतं. रडण्याच्या भरात तोंडाला आलं ते नाव सांगितलेलं असतं आणि आता वारसाची नोंद अडलेली असते. गेलेला माणूस एक, कागदावर झालेली माणसं दोन. त्यातला एक मेलेला आणि दुसरा, ज्याच्या नावावर जमीन, तो सरकारदरबारी अजून जिवंत. अशा लोकांना घेऊन सुवर्णाबाई किती वेळा महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात गेली असेल, तिलाही सांगता येणार नाही. शेवटी तिने ठरवलं की लोकांना नंतर पळवण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

अठरा वर्षं ती विचारत आली. एकदाच विसरली. तिचे स्वतःचे वडील गेले तेव्हा.

*

आप्पा, म्हणजे तिचे वडील, वणीजवळच्या एका लहान गावचे. दीड एकर जमीन, एक विहीर, द्राक्षं कधी लावली नाहीत, टोमॅटो आणि कांदा यांवर घर चाललं. लहानपणी ते सारखे आजारी पडत, म्हणून कुणा नाथपंथी साधूने नाव पालटायला सांगितलं होतं. तेव्हापासून चिमाजीचे ते गोरक्ष झाले. गावाने गोरक्ष म्हटलं, बायकोने कधी नाव घेतलंच नाही आणि आधारकार्डाचं शिबिर आलं तेव्हा आप्पांनी स्वतःच गोरक्ष देवराम कड असं सांगितलं. पण जमीन वडिलांमागे त्यांच्या नावावर झाली ती नाव पालटायच्या आधी, ते अगदी लहान असतानाच. सातबाऱ्यावर चिमाजीच राहिला.

त्यांना पाच वर्षं मूल नव्हतं. सप्तशृंगीला नवस बोलल्यावर मुलगी झाली, तिचं नाव नवसाबाई ठेवलं. नंतर आठ वर्षांनी सोमनाथ. नवसाबाई सतराव्या वर्षी मखमलाबादच्या तिडक्यांकडे दिली. ते फुलशेतीवाले. शेवंती, निशिगंध, झेंडू. वरात पोचल्यावर घरात लक्ष्मीपूजन झालं, ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्या मुलाने अंगठीने तांदळात नवीन नाव लिहिलं : सुवर्णा. जमलेल्या बायकांनी पेढे मागितले.

पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर आत्या आली होती आणि आत्याचं बोट धरून नऊ वर्षांचा सोमनाथ. तो ताटाजवळ वाकून बसला होता. नुकताच वाचायला शिकलेला. त्याने अक्षर अक्षर जुळवून नाव वाचलं आणि तळहाताने सगळे तांदूळ विस्कटून टाकले.

“ही नवसाआक्का हाय,” तो म्हणाला.

सगळे हसले. सासू म्हणाली, “सुनेचा भाऊ लय तिखट दिसतोय.” आत्याने त्याला चिमटा काढला. नवऱ्या मुलाने तांदूळ पुन्हा सारखे केले आणि पुन्हा लिहिलं. नवसाबाईने खाली मान घालून ते बघितलं. तिला तेव्हा वाईट वाटलं की नाही, हे तिला आज आठवत नाही. सगळ्याच मुलींचं नाव बदलायचं. नवीन साडी नेसावी तसं नवीन नाव नेसायचं. भावाच्या तळहाताला चिकटलेले चार-पाच तांदळाचे दाणे मात्र तिला आठवतात. तो ते खाऊन टाकत होता.

नवऱ्याचं आजारपण लांबलं. त्यात फुलांची जमीन गेली, लग्नात आप्पांनी दिलेली भांडीही भांडी बाजारात मोडीला गेली. हंडा, घागर, घंगाळ. प्रत्येकावर नाव कोरलेलं होतं, ‘चि. नवसाबाई हिस, गोरक्ष देवराम कड यांजकडून’. वजन करताना दुकानदाराने नावाकडे पाहिलंही नाही. नवरा गेला तेव्हा ती चौतीस वर्षांचीही नव्हती, मुलगी सायली दोन वर्षांची. ती आधी हार विकायची, देवळापाशी. एका इस्पितळातला माणूस एकदा तिरडीसाठी हार मागायला आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, “मावशी, हारांसोबत बांबूपण ठेवा ना. लोकांना चार ठिकाणी पळावं लागतं.” तिने ठेवले. बाईमाणूस हे असलं दुकान चालवतं म्हणून चार लोक बोलले. पण गिऱ्हाईक मात्र येत राहिलं, कारण ही बाई फक्त सामान देत नाही, कुठे जायचं, कुठला फॉर्म, मृत्यूनोंदीच्या एकवीस दिवसांच्या मुदतीत काय करायचं, हे सगळं सांगते, असं पंचवटीत पसरलं होतं.

माहेरी ती जाई तेव्हा भावजय, उज्वला, दारातच विचारायची, “आक्का, पिशवीत फुलं कुठली आणलीत? दुकानातली नाय ना?”

“दुकानातलीच. पण आधी देवाला वाहिली की मग दुकानातली राहत नाहीत.”

“तुमचं आपलं काहीतरीच,” उज्वला म्हणायची आणि फुलं घ्यायची. पण देव्हाऱ्यावर पाणी शिंपडूनच.

*

शेवटचे तीन महिने आप्पा तिच्याकडे होते. नाशिकला औषधपाणी सोयीचं होतं आणि सोमनाथचा टोमॅटोचा हंगाम ऐन भरात होता. दिवसभर ते दुकानाच्या मागच्या खोलीत पडून असत, पडद्यातून लोकांचं बोलणं ऐकत. एकदा संध्याकाळी दुकान आवरताना त्यांनी तिला हाक मारली.

“तू सगळ्यांना विचारती, सातबाऱ्यावर नाव काय म्हणून.”

“मग?”

“तुझं काय नाव हाय सातबाऱ्यावर?”

तिला वाटलं आप्पा भ्रमात बोलतायत. “माझं कुठलं आलंय सातबाऱ्यावर नाव?”

“तेच म्हणतो मी. नवसाची पोर. तिचं नाव तांदळात गेलं, भांड्यांवर होतं ते मोडीत गेलं. कुठंतरी लागाया पायजे का नाय?” मग त्यांनी कूस बदलली. “सोम्याला सांगतो मी.”

सांगितलं की नाही, कोण जाणे. आठ दिवसांनी सकाळी चहा हातात घेतला आणि तो तसाच राहिला.

सुवर्णाबाईने तिरडी स्वतः बांधली. शेजारच्या बायका म्हणाल्या, “अगं, लेकीनं बांधू नये.” ती म्हणाली, “सगळ्या नाशिकची बांधते, माझ्या बापाची दुसऱ्या कुणाला बांधू देऊ?” सोमनाथ नऊ वाजेपर्यंत पोचला. अग्नी त्याने दिला. नोंदीच्या काउंटरवरचा कारकून तिला रोज बघणारा. तो हळूच म्हणाला, “काकू, नाव?” तिने आधारकार्ड खिडकीतून पुढे सरकवलं आणि माहिती देणाऱ्याच्या जागी सही केली. बास. त्या दिवशी तिला कुणी विचारलं नाही, सातबाऱ्यावर नाव काय आहे. जी विचारायची ती रडत होती.

*

दोन महिन्यांनी गावातून चुलतभावाचा फोन आला. सोमनाथने वारसाचा अर्ज दिलाय. तलाठ्याने चावडीवर नोटीस लावलीय. वारस म्हणून एकच नाव आहे.

तलाठी या पदाचंही सरकारने आता नाव बदललंय, ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं. सुवर्णाबाई फोन ठेवून बसली. सायली नर्सिंग कॉलेजातून आली, तिने आईचा चेहरा बघितला आणि सगळं काढून घेतलं.

“मामाने मुद्दाम केलं असेल असं नाही,” सायली म्हणाली. “त्यांच्याकडे सगळे असंच करतात ना? आधी भावाचं नाव, मग बहिणींच्या सह्या. तू कर सही आणि मोकळी हो, नाहीतर अर्ज दे. मध्ये बसू नको.”

“कायद्यात काय आहे ते मला माहितीये. लोकांना मीच सांगते, मुलगा तशी मुलगी, लग्न झालं असलं तरी.”

“मग स्वतःला सांग.”

तिने आठ दिवस घेतले. तिला जमीन कसायला हवी होती असंही नव्हतं. विहिरीकडेचा एक लांबट तुकडा होता, तिथे लहानपणी तिची आई, आता हयात नसलेली, निशिगंध लावायची, तेवढाच तिच्या डोळ्यांसमोर यायचा. पण आप्पांचं ते वाक्य मनातून जात नव्हतं. शेवटी तिने अर्ज लिहिला. मयताची मुलगी म्हणून माझं नाव वारसांत घ्यावं. खाली सही केली : सुवर्णा तिडके. तिला दुसरी सही येतच नव्हती.

चार दिवसांनी पुन्हा चुलतभावाचा फोन. तलाठ्याने सोमनाथला बोलावून अर्ज दाखवला होता. पारावर दहा माणसं होती. सोमनाथने अर्ज वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाला, “सुवर्णा तिडके नावाची मला कुणी बहीण नाय.”

“रागात बोलला असंल गं,” चुलतभाऊ म्हणाला.

सुवर्णाबाईने “हो” म्हटलं. नंतर दुकानात एक म्हातारं जोडपं आलं तर त्यांना ती मडकं द्यायला विसरली, त्यांनी आठवण केल्यावर दिलं.

तलाठ्याने मग कागद नीट तपासले आणि दोघांनाही थांबवलं. एक तर सुवर्णा तिडके म्हणजेच नवसाबाई कड याचा पुरावा द्या. गावातल्या शाळेचं त्या वर्षांचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. आत्या वारलेली. भावकीतला कुणी सोमनाथच्या तोंडावर जबाब द्यायला तयार नाही. आणि दुसरं, दाखल्यावर मेलेत ते गोरक्ष, जमीन आहे चिमाजीची. दाखला दुरुस्त झाल्याशिवाय जमिनीच्या नोंदीत फेरफार होणार नाही, ना बहिणीचा ना भावाचा.

“दाखला कोण दुरुस्त करणार?” सायलीने विचारलं.

“ज्याने माहिती दिली तो.”

“म्हणजे तू.” सायली खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. “आई, ऐक. तुझ्या सहीशिवाय मामाचं काही होत नाही आणि मामाच्या जबाबाशिवाय तुझं. मग आधी त्याची सही घे. मग दाखला दे. यात वाईट काय आहे?”

“वाईट काही नाही.”

“मग?”

सुवर्णाबाई हारांसाठी झेंडू निवडत होती. चिरडलेली फुलं एकीकडे, चांगली एकीकडे. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “अठरा वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं आणि बापाच्या वेळी आधार सरकवला. आप्पा सरकारी कागदात अजून अर्धे जिवंत आहेत. चूक निस्तरायला मी भावाकडून सही घेऊ?”

“आणि दाखला मिळाल्यावर तो एकटाच नाव लावून मोकळा झाला तर?”

“तर कोर्ट आहे.”

“कोर्टाला किती वर्षं लागतात माहितीये?”

“लागू देत,” सुवर्णाबाई म्हणाली, पण झेंडू निवडता निवडता तिचा हात थांबला होता, हे सायलीने बघितलं.

आप्पांच्या पिशवीत त्यांचं जुनं मतदान ओळखपत्र निघालं. त्यावर सातबाऱ्यासारखंच चिमाजी होतं. ते, सातबारा, आधार आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन ती जन्म-मृत्यू विभागात गेली. कारकून म्हणाला, “काकू, आज कुणाचं काम घेऊन आलात?” ती म्हणाली, “आज माझंच.” तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला नवीन दाखला मिळाला. चिमाजी ऊर्फ गोरक्ष देवराम कड. तिने तो तिथेच उभ्याने दोनदा वाचला. बाप पुरता गेला, असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी कुठेतरी हलकंही वाटलं.

*

निमाणीच्या स्टँडवरून वणीची बस पकडून ती गावी गेली. उज्वला अंगणात कांद्याच्या पाती कापत होती. तिने पाट दिला, पाणी दिलं आणि पुन्हा विळीवर बसली. मग राहवलं नाही.

“आक्का, एवढं काय अडलं होतं हो? तुम्हाला काय कमी केलं आम्ही? दिवाळीला साडी, संक्रांतीला वाण.”

“कमी नाही केलं.”

“मग गावात तोंड दाखवायची सोय नाय ठेवली. लोक म्हणत्यात, बहिणीनं बापाचं वर्ष व्हायच्या आत हिस्सा मागितला.”

“हिस्सा मागितला का नाव मागितलं?”

“एकच की ते.”

सुवर्णाबाईने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “उज्वला, तुझं माहेरचं नाव काय गं?”

उज्वलाचा विळीवरचा हात हळू झाला. “मंदा,” ती म्हणाली. “का?”

“काही नाही. वीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं, म्हणून.”

सोमनाथ मळ्यातून आला. बहिणीला बघून ओसरीच्या टोकाला बसला, पायाची माती काढत. ती उठली आणि दाखला त्याच्याजवळ ठेवला.

“आप्पांचं नाव दुरुस्त करून आणलंय. हा तलाठ्याला दे. आता तुझं अडणार नाही.”

त्याने दाखला उचलला. वाचला. “आणि तुझं?”

“माझं सुनावणीला बघू. तलाठ्याने प्रकरण वरच्या मंडळ अधिकाऱ्यांकडे पाठवलंय ना, पुढच्या गुरुवारची तारीख आहे.”

“म्हणजे हे देऊन तू माझ्याकडून काय मागत नाय.”

“नाही.”

“का बरं?”

तिला बरंच काही सांगता आलं असतं. ती म्हणाली, “साडेचारची बस आहे,” आणि चपला घालून निघाली. सोमनाथ दाखला हातात घेऊन तसाच बसला होता. उज्वला तिच्या मागून फाटकापर्यंत आली. पिशवीत कांदे घातले आणि म्हणाली, “जपून जा.”

*

सुनावणी वणीला मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होती. अधिकारी मॅडम तरुण होत्या, सायलीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. टेबलावर फायलींचा ढीग होता, खिडकीत एक माठ. सुवर्णाबाई आणि सायली एका बाकावर, सोमनाथ आणि उज्वला दुसऱ्या. सोमनाथबरोबर गावातला एक माणूसही आला होता, त्याला अशा कामांची माहिती होती. तो सोमनाथच्या कानाशी सारखा कुजबुजत होता. “तू फक्त माहीत नाय म्हण. पुरावा तिनं द्यायचा. तुझ्यावर काय येत नाय.” तो दबक्या आवाजात बोलत होता, पण खोली लहान होती.

मॅडमनी सुवर्णाबाईचा अर्ज वाचला. “पुरावा काय आहे?”

“कागद नाही मॅडम. लग्नातली भांडी होती नावाची, ती मोडीत घातली.”

“साक्षीदार?”

“नाही.”

मॅडमनी सोमनाथकडे पाहिलं. “नवसाबाई चिमाजी कड या तुमच्या बहीण?”

“हो.”

“त्या हयात आहेत?”

शेजारच्या माणसाने घसा खाकरला. सोमनाथ उभा राहिला. सुवर्णाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आता तो ‘माहीत नाय’ म्हणाला असता तर खोटं ठरवायला कुणी नव्हतं. सायली तिच्याकडे बघत नव्हती, माठाकडे बघत होती.

“हयात हाय,” सोमनाथ म्हणाला. “ही काय, बसलीय.”

“या सुवर्णा तिडके आहेत. त्याच नवसाबाई, हे तुम्ही कशावरून सांगता?”

“नाव बदललं तेव्हा मी तिथं होतो.”

“थोडक्यात सांगा.”

पण सोमनाथला थोडक्यात सांगता येईना. तो ताटापासून सुरू झाला. ताट पितळेचं होतं, तांदूळ जुने होते, दाजींच्या हातात अंगठी ढिली होती. आत्याच्या शेजारी तो बसला होता. त्याने नाव वाचलं आणि त्याला वाटलं, आता घरी जाताना आक्का कुणी नसणारच, कारण हे लोक तिला पुसून दुसरीच बाई करतायत. म्हणून त्याने तांदूळ मोडले. “आत्यानं असा चिमटा काढला मॅडम, आठ दिवस निळं होतं हितं.” त्याने दंड दाखवला. उज्वलाने तोंडाला पदर लावला. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या होत्या.

“मग तुम्ही अर्जात त्यांचं नाव का घातलं नाही?”

“सगळे घालत नायत,” सोमनाथ म्हणाला. मग खाली बघून, “आणि तिचा अर्ज आला त्यावर सही सुवर्णाची होती. मला वाटलं, तिनं पण सोडलं ते नाव. मग राग आला.”

शेजारचा माणूस उठून बाहेर चहाला गेला.

“सही दुसरी येत नाही रे मला,” सुवर्णाबाई म्हणाली. “तू जपायला बघितलंस ते नाव मी नीट लिहायला कधी शिकलेच नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हा नुसतं नवसा लिहायचे, तेही वाकडं.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी जबाबाचा कागद सोमनाथकडे सरकवला. त्याने वाचून सही केली. मग कागद सुवर्णाबाईकडे आला. “तुम्हीही करा. जी येते ती करा, त्याने फरक पडत नाही. दोन्ही नावं मी वर लिहिली आहेत.”

सुवर्णाबाईने सही केली, सुवर्णा तिडके. मग पेन उचललेलंच राहिलं. तिने मॅडमना विचारलं, “खाली अजून एक लिहू का?”

“लिहा.”

तिने हळूहळू लिहिलं. नवसा. वाकडंच आलं.

*

फेरफार मंजूर व्हायला आणखी महिना गेला. उतारा घेऊन सोमनाथ स्वतः दुकानात आला. यापूर्वी तो या दुकानाच्या पायरीवर एकदाच चढला होता, आप्पांच्या दिवशी. आज त्याने चप्पल बाहेर काढली, आत आला, मडक्यांच्या रांगेशेजारी जागा करून बसला आणि खिशातून कागद काढला. सोमनाथ चिमाजी कड. त्याच्याखाली, नवसाबाई चिमाजी कड ऊर्फ सुवर्णा तिडके.

तिने कागद बघितला आणि बांबूंच्या मागे खिळ्याला लावलेल्या आप्पांच्या पिशवीत ठेवला.

“उज्वला म्हणती, विहिरीकडचा तुकडा तुझा,” सोमनाथ म्हणाला. “आईचा निशिगंध हुता ना तिथं. तिनं शेजाऱ्याकडून कंद आणून ठेवल्यात. म्हणती, आक्का लावणार असल्या तर लावा, नायतर मी लावते.”

“फुलं दुकानात आणलेली चालतील का तिला?”

“ते पण सांगितलंय तिनं. पयली फुलं देवाला. मग कुठं बी न्या.” त्याने शेजारचं मडकं जरा सरकवलं. “आणि तिच्या बापाचं बी वय झालंय. तिच्या भावाला कायतरी विचारायचं म्हणत होती. ते कसं करायचं, तुला ठाऊक असंल. तुला सांगू नको म्हणाली होती, पण सांगितलं.”

सुवर्णाबाई हसली. “मंदाला म्हणावं, ये एकदा. चहा घेऊ.”

दारात दोन बायका आणि एक पोक्त माणूस येऊन उभे राहिले. माणसाच्या हातात यादी होती. नेहमीची, दोन बांबू, कामट्या, सुतळी. सुवर्णाबाई उठली. सोमनाथही उठला आणि न सांगता बांबू खाली काढायला लागला.

“कोण गेलं?” तिने विचारलं.

“वडील,” माणूस म्हणाला.

“सातबाऱ्यावर नाव काय आहे त्यांचं?”

त्याने सांगितलं. आधारवरही तेच होतं.

“चांगलं झालं,” सुवर्णाबाई म्हणाली. मग तिने त्या दोन बायकांकडे बघितलं, रडून डोळे सुजलेल्या, एकमेकींचा हात धरून उभ्या. “या लेकी का?”

“हो. माझ्या बहिणी.”

“ताई,” ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, “तुमची माहेरची नावं काय?”